पोपट सरांचं आजोळ

पोपट सर कचेरीत शिरण्याआधी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या दुकानातल्या खिळ्याला अडकवायचे. हा नियम त्यांनी केलेला नव्हता. एकदा आत जुन्या दप्तरांच्या खोलीत नोंदी बघायला आलेली माणसं एकाच टेबलावर तुटून पडली होती. सरांनी ते दोन मिनिटं सहन केलं, मग शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली, की शिडीवर चढलेला शिपाई दप्तरासकट खाली आला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, माणसं मात्र क्षणात रांगेत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी शिट्टीला बंदी घातली. सर मला म्हणाले, साहेब हुशार आहे, पण शिस्तीचं वावडं आहे त्याला.

माझं दुकान बारामतीत, कचेरीच्या फाटकासमोर. झेरॉक्स, टायपिंग आणि अर्ज लिहून देणं. सर आम्हाला शाळेत पीटीला होते, तिकडं इंदापूर तालुक्यात, कळंबच्या बाजूला. कबड्डीत मी एका पोरीची वेणी ओढली म्हणून त्यांनी मला भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. वेणी तिनं आधी ओढली होती. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, नंतर दुकानात बसून चहा पिताना शंभरदा सांगितलं, पण त्यांनी निकाल बदलला नाही. पंचाचा निर्णय अंतिम, म्हणे. बरं, चहा माझा आणि त्याला नावंही तेच ठेवणार. आलं कमी आहे, साखर जास्त आहे, कप धुतला आहेस का.

रिटायर होऊन सर बारामतीला मुलाकडं राहायला आले. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, डोकं पांढरं आणि मिशी मात्र काळीकुळकुळीत. मिशीला कलप लावता आणि डोक्याला का नाही, असं मी एकदा विचारलं. डोकं टोपीखाली जातं, मिशी समोर असते, असं उत्तर मिळालं. बोलणं कायम मैदानावरचं. माझ्या दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी असली, की यांचं सुरू, "एका हाताचं अंतर घ्या." आणि लोक घ्यायचे हो! चांगली मिशीवाली माणसं हात पुढं करून उभी राहायची.

हल्ली ज्याला त्याला पणजोबा लागतो. कुणाला दाखल्यासाठी, कुणाला जमिनीसाठी, कुणाला नुसती हौस म्हणून. मग लोक कचेरीत येतात आणि कोतवाल बुक मागतात. पूर्वी गावात मूल जन्मलं किंवा माणूस गेलं, की गावचा कोतवाल ते वहीत चढवून ठेवायचा. गावोगावच्या त्या वह्या आता कचेरीत आहेत. पानाला हात लावला की भुगा होतो, अक्षर मुंगीनं काढल्यासारखं, आणि नाव सापडेल ही खात्री नाही. तिथं पोपट सर उभेच असायचे. अर्ज करणारा कुणी का असेना, सर त्याच्याबरोबर आत जायचे, त्याच्या वतीनं भांडायचे, पान शोधायचे आणि बदल्यात एक पैसा घ्यायचे नाहीत. बारामतीचं संपलं की एसटीनं इंदापूरच्या कचेरीत. घरच्यांना वाटायचं, म्हातारा कुठंतरी देवाला जातो.

त्यांचे काही सिद्धांत होते. पहिला सिद्धांत एक जूनचा. शाळेत नाव घालायला आईबापांनी पोरगं नेलं, की मास्तर जन्मतारीख विचारणार आणि आईबाप सांगणार, पेरणीच्या आसपास झालं असंल. मास्तर एक जून लिहून मोकळा. म्हणून शाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं सर ओरडून सांगायचे. अख्खा तालुका काय एकाच दिवशी जन्मला का, असं ते दाखला फडकावत गिऱ्हाइकाला विचारायचे, जणू त्यानंच तो लिहिला होता.

या सिद्धांतापायी कन्हेरीच्या एका घरात त्यांनी रामायण घडवलं. दोघं भाऊ, भाजीपाल्याचे बागाईतदार, दोघंही सत्तरीचे. वडिलांची नोंद काढायला आले होते. ती निघाली. पण सरांना तेवढ्यावर थांबवेना. त्यांनी दोघांच्या शाळेच्या दाखल्यावर नजर टाकली. दोघांचा वाढदिवस एक जून, एक वर्षाच्या अंतरानं. सरांनी दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि जाहीर केलं, की तुम्हाला एकाच दिवशी शाळेत घातलं आणि मास्तरानं उंची बघून थोरला ठरवला. मग कोतवाल बुक काढलं. निघालं तसंच. बुटका थोरला होता आणि उंच धाकटा. आता एवढी वर्षं लग्नाकार्यात पहिला मान उंच घेत होता, बुटका त्याच्या पाया पडत होता. झालं! दोघं कचेरीच्या पायरीवरच भांडायला लागले. बुटक्याचं म्हणणं, आत्तापर्यंतचे सगळे नमस्कार परत कर. सरांनी मध्ये पडून तोडगा काढला, की झालं ते झालं, यापुढं उलट्या बाजूनं पडा. पुढच्या लग्नात उंच भाऊ बुटक्याच्या पाया पडायला वाकला, तो कमरेत उसण भरून तसाच राहिला म्हणे. सरांना पत्रिका आली होती. ते जेवूनही आले.

दुसरा सिद्धांत माहेराचा. बाईचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा घरातल्या थोरल्या पोराची नोंद बापाच्या गावात शोधायचीच नाही, आईच्या गावात शोधायची. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही चढायचा. पुण्याहून एक तरुण इंजिनियर आला होता, संगणकावर घराण्याचा सगळा वेल काढून. त्याला आजोबांची नोंद सापडेना. सरांनी विचारलं, आजोबांच्या आईचं माहेर कुठलं? त्याला माहीत नव्हतं. मग काय विचारता! सरांनी त्याला माझ्या दुकानासमोर उभं करून झापलं. सात पिढ्यांचे बाप पाठ आहेत आणि एका आईचं गाव माहीत नाही, कसली वंशावळ काढतोस? पोरगं एवढंसं झालं. मला वाटलं, आता याला फेऱ्या मारायला लावतात.

मग सरांनी स्वतःच त्याच्या पणजीचं माहेर शोधून दिलं, इंदापूरकडचं एक गाव. पोरगं तिथं गेलं. त्या लोकांनी त्याला आमचा भाचा आला म्हणून डोक्यावर घेतलं, पुरणपोळ्या वाढल्या, टोपी-टॉवेल दिला, गाडीत डाळिंबाची दोन क्रेट भरून पाठवलं. महिन्याभरानं कळलं, गाव चुकलं होतं. सरांनी भलत्याच बाईचं माहेर काढलं होतं. पोरगं घाबरत घाबरत डाळिंबांचं काय करू म्हणून विचारायला आलं. सर म्हणाले, गोड होती ना, मग झालं. आजही ते लोक त्याला दिवाळीला बोलावतात आणि तो जातो. चूक मान्य करायची सरांची ही पद्धत. मी हसले, तर माझ्यावरच डाफरले.

पण माहेराचा विषय निघाला की सर एवढे का पेटतात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एक गोष्ट मात्र लक्षात यायला लागली होती. कुणाचंही काम असो, सर त्या एका नोंदीवर थांबायचे नाहीत. आपलं पान सापडलं की गिऱ्हाईक खूश होऊन झेरॉक्सला माझ्याकडं यायचं आणि सर आतच राहायचे, पुढची मागची पानं बोटानं चाळत. शिपाई मला सांगायचा, तुमचे सर बापाच्या नावाचा रकाना तेवढा बघतात. एक दिवस चहा देताना मी सरळ विचारलं, की सर, तुम्ही नक्की कुणाला शोधता?

सरांनी चहाला नाव ठेवलं नाही, तेव्हाच मी समजले.

त्यांची आई ते दीड-दोन वर्षांचे असताना दुसऱ्या बाळंतपणात गेली. वडील गणपतराव मजुरीच्या मागं गावोगाव फिरलेले, शेवटी कळंबला उसाच्या कामावर टेकले. तिथं दुसरं लग्न केलं. सावत्र आईनं माया केली, त्यात काही खोट नव्हती. पण पहिल्या बायकोच्या माहेराशी गणपतरावांचं काहीतरी बिनसलं होतं. त्या गावाचं नाव घरात काढायचं नाही असा त्यांचा हुकूम, आणि ते नाव आपल्याबरोबर घेऊनच ते गेले. आईचं नाव लक्ष्मी, एवढं सरांना माहीत. पण तेही लग्नात ठेवलेलं. आपल्याकडं बाई सासरी आली की नाव बदलतात. माहेरी तिला काय हाक मारायचे, ते सरांना माहीत नव्हतं.

"सुनंदे," सर म्हणाले, "मे महिन्यात सगळी पोरं मामाच्या गावाला जायची. अख्खं मैदान मला एकट्याला. लोकांना वाटतं मला खेळाची आवड होती म्हणून मी पीटीचा मास्तर झालो. अगं, दुसरं करायला काही नव्हतं."

ते पहिलटकरणीचे. म्हणजे त्यांचा जन्म आईच्या माहेरी. म्हणजे कुठल्यातरी गावच्या कोतवालानं "गणपतचा मुलगा" असं लिहून ठेवलं असणार. गाव माहीत नाही, म्हणून सर एकेक गाव घेत होते. बारामती तालुका, इंदापूर तालुका. लोकांच्या अर्जाबरोबर आत शिरायचं आणि लोकांचं काम झालं की आपलं बघायचं. जवळजवळ सगळी गावं संपत आली होती. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस आणि ही गोष्ट त्यानं एवढी वर्षं गुपचूप केली होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, सापडेल सर. ते म्हणाले, चहात आलं कमी आहे.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, थंडी सरता सरता, किसनराव आले. सुप्याच्या अलीकडच्या एका वाडीचे. गावाचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढं येईलच. साठीपलीकडचा माणूस, फेटा, हातात कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर चोर घरात शिरल्यासारखी घाई. त्यांनी आपल्या घराण्याच्या नोंदी काढल्या होत्या आणि त्यात एक जास्तीचा चुलता निघाला होता.

"आमच्या आज्याला एकच ल्योक. म्या त्याचा पोरगा," किसनराव म्हणाले. "आन हितं लिवलंय दुसरा मुलगा झाला म्हून. ह्यो कोण, कुठनं आला? उद्या त्याची पोरंबाळं जमिनीत हिस्सा मागाया आली म्हंजी? ही नोंद खोडून द्या, सर. त्यासाठीच आलोय."

सर खुलले. असं अवघड काही आलं की त्यांना पैलवानासमोर जोड आल्यासारखं व्हायचं. त्यांनी नोंदीची झेरॉक्स हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि उलटतपासणी सुरू केली. त्या वेळी तुमच्या आजीचं वय काय? किसनरावांनी बोटं मोजून सांगितलं, पन्नाशी उलटलेली. मग तिला मूल व्हायचं कारण नाही, सर गरजले. घरात दुसरी बाई कोण? किसनरावांची आई होती, पण ती नुकती लग्न होऊन आलेली, अजून पोरगीच. लेक होती का कुणी बाळंतपणाला आलेली?

किसनराव म्हणाले, व्हय, एक आत्या होती.

सरांनी टेबलावर थाप मारली. माझे स्टॅम्प उडाले. "तिचं पोर! कोतवाल कधी बाप बघत नाही, घर बघतो. तुमच्या घरात मूल रडलं, त्यानं घरमालकाचं नाव लिहिलं. तुमचा आजा बाप म्हणून लागला. हा तुमचा चुलता नाही, आत्याचा मुलगा आहे. झोपा निवांत." आणि माझ्याकडं वळून, "सुनंदे, चहा सांग यांना."

किसनरावांचा जीव भांड्यात पडला. ते बाकावर टेकले आणि सुटकेच्या भरात बोलायला लागले. आत्या बिचारी पुढं दुसऱ्या बाळंतपणात गेली. ते मूलही गेलं. आज्याचं म्हणणं, थोरलं पोर आम्ही सांभाळतो. जावयानं ऐकलं नाही. दहाव्यालाच दोघांची जुंपली आणि जावई पोराला खांद्यावर टाकून चालता झाला, तो परत कुणाला दिसला नाही. आज्यानं लई गावं धुंडाळली.

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. सर मात्र अजून जिंकल्याच्या तोऱ्यात होते. कागद घडी करता करता त्यांनी सवयीनं विचारलं, जावयाचं नाव काय? नोंदीखाली टीप लिहून ठेवू.

"गणपत," किसनराव म्हणाले आणि आडनाव सांगितलं.

सरांनी घडी उलगडली. पुन्हा घातली. पुन्हा उलगडली. मग अगदी हळू आवाजात, त्यांच्या तोंडून असा आवाज मी तेव्हाच ऐकला, ते म्हणाले, "हे पान मी दोनदा पाहिलंय." खरंच पाहिलं होतं. ते गणपत हे नाव शोधत होते आणि पानावर आजोबांचं नाव होतं. ज्या आजोबाचं नावच माहीत नाही, त्याच्या नावाखाली आपल्याला शोधणार तरी कसं!

किसनरावांना काही उमजेना. मग मीच सांगितलं, की आबा, ज्याची नोंद खोडायला आलात, तो हा समोर बसलाय.

आता लिहिताना हसू येतं, पण त्या वेळी किसनरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी आनंद आला, मग त्याच्यामागून जमीन आली, मग पुन्हा आनंद, मग पुन्हा जमीन. शेवटी त्यांनी खात्री करायची म्हणून घरी फोन लावला. त्यांची आई अजून होती, नव्वदीची, कानानं थोडी कमी. आत्याच्या बाळंतपणात तिनंच पाणी तापवलं होतं. किसनरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं ओरडून सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, बोलू दे त्याला.

सरांनी फोन दोन्ही हातांत धरला. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मामी, मी पोपट!"

"त्योच हाय," म्हातारी म्हणाली. "जलमला तवा असाच वरडला हुता. वाडीतली कुत्री उठली हुती." आणि मग, "आमच्या हौसाचं पोर रं."

हौसा. सरांनी ते नाव दोन-तीनदा नुसतं ओठांवर फिरवलं. मी तोंड फिरवून झेरॉक्स मशीन पुसायला घेतलं. पुसायची काही गरज नव्हती.

म्हातारी पुढं म्हणाली, सुट्टी लागली की ये. लहान पोराला सांगतात तसंच. आणि फोन ठेवला.

किसनरावांच्या मनातली जमीन काही हलेना. चहा पिऊन झाला तरी ते पिशवीशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, सर, आता तुमी हिश्श्याचं काय ठरवलंय? मी आतून तापले. मी काहीतरी लागट बोलणार, तेवढ्यात सरांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"किसनराव, जमीन तुमची. माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या बाकी आहेत तुमच्याकडं, तेवढ्या द्या."

किसनराव फेट्याच्या शेवानं डोळे पुसत घरी गेले. ती नोंद मात्र खोडली नाही. खोडायचा अर्ज मी टाइप केलेला होता, तो सरांनी घडी करून खुर्चीच्या हलत्या पायाखाली घातला. अजून तिथंच आहे, खुर्ची आता हलत नाही.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशीच सर वाडीची एसटी पकडतील. तासाभराचा रस्ता. पण सर जाईनात. रोज दुकानात येऊन बसायचे, चहाला नावं ठेवायचे आणि कुणाचं काम आलं तर सांगून टाकायचे. आत मात्र जायचे नाहीत. फेब्रुवारी संपला, मार्च गेला. नव्वदीची मामी, काय भरवसा, म्हणून माझा जीव वरखाली. शेवटी मी चिडून विचारलं, जात का नाही तुम्ही? सरांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी पुन्हा शाळेतली पोरगी झाले.

"शाळा सुरू आहेत अजून. परीक्षा झाल्याशिवाय मामाच्या गावाला कोण पाठवतं?"



शाळांना सुट्ट्या लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते, तर सर हजर. नवा पांढरा शर्ट, नवी टोपी, हातात शबनम पिशवी. मिशीला ताजा कलप. खिळ्यावरची शिट्टी काढून त्यांनी गळ्यात घातली. किसनरावांची नातवंडं सुट्टीला आली आहेत म्हणे, त्यांना शिस्त नाही. मी मामीसाठी खारीचा पुडा दिला. सर म्हणाले, मऊ बिस्किटं द्यायचीस, म्हातारीला दात कुठं आहेत? तेही खरं होतं, पण म्हणून काय लगेच बोलायचं!

मी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. एसटी पोरांनी भरलेली, सगळी कुठं कुठं मामाकडं निघालेली. सर खिडकीजवळ बसले, पिशवी मांडीवर घट्ट धरून. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला आणि मान वर न करता म्हणाला, आबा, कुठं?

"मामाच्या गावाला," सर म्हणाले.

कंडक्टर वैतागला. अहो आबा, सगळ्यांनाच मामा आहेत, गावाचं नाव सांगा.

सर बसल्या जागी सावधानमध्ये ताठ झाले. त्यांनी छाती भरून घेतली आणि त्या गावाचं नाव असं काही सांगितलं, की पोरांचा गलका थांबला, शेजारच्या गाडीतली माणसं खिडकीतून डोकावली आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. आजवर मला त्या वाडीचं नाव विचारलेल्या कुणालाही मी ते सांगितलेलं नाही, उगाच जमिनीची चर्चा नको म्हणून किसनरावांना शब्द दिलाय. पण त्या सकाळी बारामतीच्या स्टँडवर जे जे होते, त्या सगळ्यांना ते माहीत आहे.